हळदीची खूण, कुंकवाची खूण

लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा मी हळू बोलणारी मुलगी होते. हे आता कुणाला सांगितलं की लोक पोट धरून हसतात. हसोत बापडे. माहेरी, रावेरकडच्या आमच्या केळीच्या गावात, आई सारखी म्हणायची, "अगं, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? जरा बाहेर येऊ दे ना आवाज." आणि सासरी पहिल्याच दिवशी सासूबाईंनी "सूनबाई, मीठ दे!" अशी हाक मारली की माझ्या हातातली बरणी पडता पडता राहिली. आम्ही दोघी एकाच ओट्याशी उभ्या होतो आणि मीठ आमच्या मधोमध होतं.

त्या घरात सगळेच ओरडत. नवरा ओरडायचा, सासूबाई ओरडायच्या, आणि सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणत असू, ते तर चहा मागायचे तरी शेजारच्या गल्लीतला माणूस दचकायचा. मला वाटलं, धंद्याचा गुण असणार. आबांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. घराच्या खालीच दुकान, आणि दुकानात भिंतीभर भोंगे टांगलेले. साक्रीपासून शिरपूरपर्यंत कुठेही लग्न निघालं की आमचे भोंगे जीपवर चढायचे आणि लिंबाच्या झाडावर बांधले जायचे. आबा मांडवाच्या मधोमध उभे राहायचे, मान तिरकी करायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "पूर्वेकडचा भोंगा बसला. उतरवा त्याला." उतरवला की खरंच तो बिघडलेला निघायचा. आबांचा कान म्हणजे कान, असं जो तो म्हणायचा. त्या कानाच्या नावावर आमचं घर चालत होतं.

भोंग्यांच्या घरात आल्यावर मीही सहा महिन्यांत ओरडायला शिकले. न शिकून सांगते कुणाला! हळू बोललं तर आबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, आणि मला वाटायचं, ही नवी सून म्हणून किंमत देत नाहीत. मग मी पट्टी वाढवली. वाढवली ती वाढवलीच.

पुढे कॅसेटचे दिवस आले. नवऱ्याने दुकानाच्या वरच्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू केलं. जिनिंगमधून स्वस्तात आणलेल्या कापसाच्या गाद्या भिंतींना ठोकल्या, दोन कॅसेट डेक, एक जुनं स्पूलचं मशीन, एक मिक्सर, आणि झाला आमचा स्टुडिओ. अहिराणी गाणी, भारुडं, बँडवाल्यांच्या चाली, जे येईल ते. नवरा हंगामात लग्नांच्या मागे असायचा, तेव्हा मशीनपुढे बसायला माणूस हवा होता. मी बसले. कुणी बसवलं नाही, कुणी उठवलंही नाही. एकदा बसल्यावर मला उठवणं तसं सोपंही नाही.

मला त्यातलं मास्टरचं काम फार आवडायचं. मास्टर म्हणजे जिच्यावरून पुढच्या सगळ्या कॅसेटी निघणार ती मूळ प्रत. गायला-वाजवायला माणसं येतात आणि जातात, पण मास्टर करताना आपण आणि गाणं दोघंच असतो. ढोलकी किती पुढे ठेवायची, झांजेचा कर्कशपणा किती काढायचा, कुठलं गाणं कमी ऐकू येतंय, ते सगळं तिथे जमवायचं. चुकलं की तीच चूक प्रत्येक कॅसेटीत जाणार.

एका वर्षी चाळीसगावच्या एका व्यापाऱ्याने कानबाईच्या गाण्यांची कॅसेट मागितली. कानबाई म्हणजे आमच्या खानदेशची श्रावणातली देवी. नारळाला नथ-डोळे लावून तिला सजवतात, भाऊबंद असतील तिथून घरी येतात, आणि बायका तिच्यापुढे गाणी म्हणतात. आम्ही गल्लीतल्याच बायका गोळा केल्या. सासूबाई मधोमध. अशी झकास गायल्या म्हणून सांगू! एकीच्या बांगड्या टाळीबरोबर किणकिणायच्या. नवरा म्हणाला, "बांगड्या काढायला सांग." मी म्हटलं, "कानबाईपुढे बायका बांगड्या काढून बसतात का रे? राहू दे."

व्यापाऱ्याचा निरोप होता, श्रावणाच्या आधी मास्टर पाठवा, पसंत पडली तर वर्षभराचं काम तुमचंच. घर एकदम कामाला लागलं. मी माझी मास्टर केली. आणि आबा वर आले, आणि म्हणाले, मास्टर मी करणार.

आबांची मास्टर म्हणजे काय, तर सगळी बटणं पुढे. मशीनवरचा काटा लाल भागात जाऊन थरथरायला लागला की त्यांना समाधान. झांज अशी वाजायची की दातांत खडा यावा. वर त्यांची परीक्षाही ठरलेली होती. गच्चीवर एक भोंगा पांझरा नदीच्या दिशेला तोंड करून कायमचा बांधलेला असायचा. त्यावर कॅसेट लावायची आणि गल्लीतल्या लोकांना विचारायचं, कोणती भारी? त्या दिवशीही लावल्या. आधी माझी, मग त्यांची. चहावाला म्हणाला दुसरी. शिंपी म्हणाला दुसरी. माझी स्वतःची सासू म्हणाली दुसरी! आबा मिशीत हसले. "जोर नही ते मजा नही, सूनबाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला माहीत होतं की त्यांच्या कॅसेटीत आवाज फाटलाय. पण सिद्ध कसं करायचं? मीही दोन्ही लागोपाठ ऐकल्या, आणि काय सांगू, क्षणभर मलासुद्धा त्यांचीच बरी वाटली! मग मात्र मी हादरले. घर तर घर, माझा कानही फितूर झाला होता.

उत्तर मला स्वयंपाकघरात सापडलं, आणि यात काही विशेष नाही, निम्मा दिवस मी तिथेच असायचे. माहेरहून भरताची वांगी आली होती, दोन मळ्यांची. कुठली चांगली हे बघायचं होतं. आमच्या आईची यात एक पद्धत होती. दोन्ही भरतांत मीठ, मिरची, तेल अगदी सारखं घालायचं आणि मगच चव घ्यायची. नाहीतर ज्यात तिखट जास्त त्याला सगळे "वा वा" करतात आणि वांगं राहतं बाजूला. मी घास तोंडात घेतला आणि तशीच उष्ट्या हाताने थांबले. अरे, गच्चीवर लोकांनी गाणं ऐकलंच नव्हतं! त्यांनी नुसती मिरची खाल्ली होती. मोठा आवाज म्हणजे कानाला दिलेली लाच. दोन्ही कॅसेटी सारख्याच मोठ्याने वाजल्या तर आणि तरच खरं काय ते कळणार.

हात धुतले आणि वर गेले. एकच ओळ दोन्ही कॅसेटींवर पुन्हा पुन्हा लावली. आबांची लावली की आवाजाचं बटण थोडं कमी करायचं, माझी लावली की थोडं वाढवायचं, मशीनचा काटा आणि माझा कान दोघंही "सारखं" म्हणेपर्यंत. मग बटणाच्या कडेला दोन खुणा केल्या. आबांच्या कॅसेटीसाठी हळदीची, माझ्यासाठी कुंकवाची. देव्हाऱ्यातून घेतलं, तेलाच्या बोटाने लावलं. आता आबांची लावताना बटण हळदीवर, माझी लावताना कुंकवावर. दोघींना सारखंच मीठ.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी सगळ्यांना वर बोलावलं. आबा खुर्चीत, नवरा दाराशी, सासूबाई गादीला टेकून. मी सांगितलं, कुठली कोणाची ते सांगणार नाही, नुसतं ऐका. आणि पदर आडवा धरून बटण झाकलं, म्हणजे कुणाला खूण दिसू नये.

पहिली कॅसेट वाजली. दुसरी वाजली. सासूबाई लगेच म्हणाल्या, "दुसरी. पहिलीत डोकं उठतंय." दुसरी माझी होती. नवरा म्हणाला दुसरी. मी मनातल्या मनात पेढे वाटले. मग आबांकडे वळले.

आबांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. नवरा खाली बघत होता. मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, पण तिथे पदर होता.

"दोन्ही सारख्याच शेतस," ते म्हणाले.

मला वाटलं, हरले म्हणून वेड पांघरताहेत. मी भडकले. "आबा, चेष्टा करता का? अहो, एकीत झांज कान फाडतेय आणि दुसरीत बायकांच्या बांगड्यासुद्धा ऐकू येताहेत!"

"कोनत्या बांगड्या?" आबांनी विचारलं.

मी पुन्हा लावली. बांगड्या किणकिणत होत्या, ताटात कुणी चिल्लर ओतावी इतक्या स्पष्ट. आबा पुढे झुकले, मान तिरकी केली, डोळे मिटले. तीच ती मांडवातली प्रसिद्ध मान. गाणं संपलं तरी ते तसेच बसून राहिले. मग उठले, जिन्याच्या कठड्याला धरत खाली गेले, आणि भरदुपारी दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला.

"केलंस?" सासूबाई म्हणाल्या. "झालं समाधान?"

मग नवऱ्याने सगळं सांगितलं तेव्हा मला कळलं. आबांना कितीतरी वर्षांपासून नीट ऐकू येत नव्हतं. घरात सगळ्यांना माहीत होतं, एका मला सोडून. मांडवात आबा मान तिरकी करायचे तेव्हा माझा नवरा समोर उभा असायचा आणि ज्या दिशेचा भोंगा बिघडला असेल त्या बाजूचा हात कमरेवर ठेवायचा. मिटलेल्या डोळ्यांच्या फटीतून आबा तेवढं बघायचे. घर ओरडायचं ते धंद्यामुळे नव्हतं, आबांना कळावं म्हणून होतं, आणि बाहेरच्याला संशय येऊ नये म्हणून सगळेच सगळ्यांशी ओरडायचे. मोठ्या आवाजाच्या आड तो माणूस इतकी वर्षं लपला होता. मी दोन बोटांनी, हळद-कुंकवाने, त्याची लपायची जागा काढून घेतली.

मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आलं की माझ्याकडे रागच जिंकतो. नवऱ्याला म्हटलं, "मला सांगितलं असतं तर माझी जीभ झडली असती का? मी या घरातली नाही?" तो म्हणाला, "सांगायला हळू बोलावं लागलं असतं. आपल्या घरात हळू बोलायची सोय आहे का?" त्यावर मला हसूही आलं, पण मी ते दाखवलं नाही.

आबा मांडवाला जायचे बंद झाले. शिरपूरचं एक मोठं लग्न होतं, तिथे नवरा एकटाच गेला. लोक विचारू लागले, आबा आजारी आहेत का. आबा दारापुढच्या ओट्यावर बसून राहायचे, कुणी रस्त्यातून हाक मारली तरी मान वळवायचे नाहीत, जणू आता खोटं वागायचाच कंटाळा आला होता. व्यापाऱ्याची मास्टर तशीच पडली होती. माझी पाठवून देऊ, नवरा म्हणाला. मला ती पाठवावीशी वाटेना. जिंकले होते, पण घास गोड लागत नव्हता.

शेवटी एका सकाळी मी ओट्यावर जाऊन आबांच्या समोर बसले.

"किती दिवस बसणार असं?"

"आवाजना धंदा शे मना," आबा म्हणाले. "बहिऱ्याले कोन बलाई?"

"चष्मा लावणारा शिंपी कपडे शिवत नाही का?" मी म्हटलं. "जळगावला कानाचे डॉक्टर आहेत. तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. टेप आणायला चाललो असं सांगू. उठा."

"नही."

"मग मी इथेच ओरडून सांगते का नाही यायचं ते. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता कडाडतात. मग टोपी मागवली.

एसटीने पारोळा, एरंडोल करत जळगावला गेलो. डॉक्टरांनी आबांच्या कानाला हेडफोन लावले. एका बाजूने बारीक-जाड आवाज सोडायचे, आणि ऐकू आला की आबांनी बोट वर करायचं. जाड आवाजाला बोट लगेच वर जायचं. आवाज बारीक होत गेला तसं बोट मांडीवरच राहिलं. काचेपलीकडे उभी राहून मी ते बोट बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, उचला ना आबा, उचला.

"आयुष्यभर भोंगे जवळून ऐकलेत का?" डॉक्टरांनी मोठ्याने विचारलं.

"आयकले नहीत," आबा म्हणाले. "बांधले."

बारीक आवाज गेलेत, जाड शाबूत आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणूनच आबांना झांज कर्कश करूनसुद्धा जेमतेम वाटायची. मशीन लावलं तर बरंच परत मिळेल, म्हणाले. तेव्हाची मशीनं खिशात ठेवायची असत, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी पेटी आणि तिथून कानापर्यंत वायर. आबा वायर बघूनच मागे सरले. "लोक बघतीन."

"बघू देत," मी म्हटलं. "आपल्या दुकानात हजार वायरी लोंबतात, त्यात एक तुमची."

येताना एसटीत ते कानाला वायर लावून खिडकीशी बसले होते. कंडक्टर तिकीट फाडत पुढे आला आणि हातातला चिमटा सवयीने दांडीवर वाजवला, टिक टिक. आबांनी गर्रकन मान वळवली. त्याला दुसऱ्यांदा वाजवायला सांगितलं! कंडक्टर म्हणाला, "काय आबा, बरं आहे ना?" आणि वाजवला. आबा धुळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं, कारण माझेही डोळे भरले होते आणि भर बसमध्ये मला तमाशा नको होता.

घरी येताच आबांनी मशीन काढून ठेवलं, पण दुसऱ्या दिवशी ते लावून आपण होऊन वर आले. पेटीवरच्या आवाजाच्या छोट्या चाकावर मी कुंकवाची खूण करून दिली, डॉक्टरांनी सांगितलं तिथे. पुन्हा हळद, पुन्हा कुंकू, पुन्हा दोन्ही कॅसेटी, सारख्या आवाजात. या वेळी मी पदर धरला नाही. आबांनीच डोळे मिटून घेतले, खरे मिटले.

बांगड्या आल्या तेव्हा त्यांनी बोट वर केलं, डॉक्टरांकडे करत होते तसं. मग सासूबाईंकडे बोट वळवलं. "तुन्या शेतस?" सासूबाईंनी मान डोलावली आणि पटकन पदर तोंडाला लावला. त्या बांगड्या त्यांच्याच होत्या.

एकेक गाणं होत गेलं आणि आबा "कुंकू", "कुंकू" म्हणत गेले. माझी मान ताठ होऊ लागली. पण विसर्जनाच्या गाण्याला ते थांबले. दोन्ही प्रती दोनदा ऐकल्या आणि म्हणाले, "हळद." मी भांडायला तोंड उघडलं. मग स्वतः नीट ऐकलं, आणि शप्पत सांगते, त्यांचंच बरोबर होतं. कर्कशपणा काढता काढता मी त्या गाण्यातल्या ढोलाचा जीवच काढला होता. आबांच्या प्रतीत तो ढोल पोटात घुमत होता. जाड आवाजाला त्यांचा कान अजून राजा होता. ते गाणं आम्ही दोघांनी मिळून नव्याने केलं, ढोल त्यांचा, वरचं सगळं माझं, आणि ती मास्टर चाळीसगावला गेली. व्यापाऱ्याचा पसंतीचा निरोप आला तेव्हा आबा दुकानात नव्हतेच. ते साक्रीला एका मांडवात होते, कानाला वायर लावून. कुणीतरी विचारलं, हे काय? आबा म्हणाले, "चेकिंगनं मशीन शे. जळगावहून आनेल." त्यानंतर दोन मांडववाल्यांनी तसलं मशीन कुठे मिळतं म्हणून चौकशी केली म्हणे!

पण मला आठवते ती त्याआधीची, आबांनी मशीन लावून कॅसेटी ऐकल्या त्या पहिल्या दुपारची गोष्ट. आम्ही सगळे वरून खाली आलो. मी ताटं केली आणि रोजच्यासारखी हाक मारली, "आबा, जेवायला चला!"

आबा कळवळले. हात खिशातल्या पेटीवर गेला. मला वाटलं, मशीन बिघडलं. मी घाबरून आणखी जोरात विचारलं, "काय झालं? मशीन खूप वाजतंय का?"

"इतली जोरमां काबर बोलस वं?" आबा अगदी मऊ आवाजात म्हणाले. असा त्यांचा आवाज मी या घरात आल्यापासून ऐकला नव्हता. "मी आठेच शे." इथेच तर होते ते, माझ्या समोर. मग त्यांनी पेटी काढून चाकावरची खूण दाखवली. "मशीन बराबर शे. तूच खूणना वर शेस."

मी तोंड मिटलं. माहेरचा तो जुना आवाज कुठे ठेवला होता, तो आठवून आठवून शोधावा लागला. मग मी म्हटलं, "आबा, ताट वाढलंय."

सासूबाईंनी चुलीकडून मागे वळून पाहिलं, घरात कोण आलं म्हणून.